डोकी मोजून रस्ता



मागच्या उन्हाळ्यात खटाव तालुक्यातल्या एका वाडीची चार माणसे घेऊन मी एका कचेरीत गेलो होतो. वाडीचे आणि कचेरीचे नाव लिहीत नाही, कारण त्याच साहेबांकडे पुन्हा जायचे आहे. काम साधे होते. मोठ्या रस्त्यापासून वाडीपर्यंतचा दोन-अडीच किलोमीटरचा तुकडा. उन्हाळ्यात गुडघाभर फुफाटा, पावसाळ्यात चिखल, आणि मधल्या ओढ्याला पाणी आले की वाडी जगापासून तुटली. साहेब भला माणूस. चहा पाजला. फाईल उघडली, एका आकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "काय करू हो, लोकसंख्या बसत नाही."

आम्ही बाहेर आलो. आमच्यातल्या सत्तरीच्या म्हाताऱ्याने पायरीवर बसून पटका सारखा केला आणि म्हणाला, "बसंल कशी? समदी उठून गेल्यात."

हा लेख त्या म्हाताऱ्याच्या वाक्यावर आहे. साहेबांच्या फाईलमधला आकडा खोटा नाही. पण तो आकडा कोणी, कधी आणि कशासाठी मोजला, हे आपण कधी विचारले नाही.

खेड्याला रस्ता द्यायचा तो डोकी मोजून, ही रीत जुनी आहे. १९७४ मध्ये पाचव्या पंचवार्षिक योजनेत किमान गरजा कार्यक्रम आला तेव्हा दीड हजाराच्या वरची गावे आधी धरली. त्यानंतर हजार ते दीड हजारांच्या गावांचा नंबर. २५ डिसेंबर २००० ला पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली. तिने महसुली गाव सोडून वस्ती हे माप घेतले, हे बरे केले. पण अट घातली पाचशे डोक्यांची. डोंगराळ राज्ये, वाळवंटी भाग आणि आदिवासी क्षेत्र यांना सवलत म्हणून अडीचशे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये या योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला. २५ हजार वस्त्या, साडेबासष्ट हजार किलोमीटर आणि ७० हजार १२५ कोटी रुपये. आकडे ऐकून छाती भरून येते. पण मैदानी भागाला अट तीच, पाचशे. आणि डोकी धरायची ती २०११ ची.

आता बघा. वाळवंटाला अडीचशे. खटाव-माण वाळवंटात नाहीत, मान्य. पण आमच्या तालुक्यांच्या नावापुढे सरकारनेच अवर्षणप्रवण असा शिक्का मारलेला आहे. तो शिक्का मारला तो दुष्काळी कामे काढण्यापुरता. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आई-बापांनी खडी फोडली. हातांना फोड आले आणि रस्ते झाले. म्हणजे खडी फोडायची वेळ आली की आम्ही दुष्काळी, आणि रस्ता मागायची वेळ आली की आम्ही मैदानातले. तिकडे पाटण-जावळीच्या कड्यावर राहणाऱ्यांचीही तीच गत. सह्याद्री हा डोंगर आहे, पण महाराष्ट्र हे डोंगराळ राज्य नाही, म्हणून त्यांच्या वाडीलाही पाचशेचीच अट.

आता ती डोकी मोजली कधी ते पाहा. २०११ ची जनगणना झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. त्या सगळ्या दिवसांत जो माणूस घरी सापडला नाही, तो त्या घरी धरला गेला नाही. जिथे सापडला तिथे धरला गेला. फेब्रुवारीत कोरडवाहू गावात सापडतो कोण? मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन कृष्णाकाठी नाहीतर घाटाखाली कोकणात उतरलेला असतो, तो मृगाच्या तोंडावर परत येतो. ऊसतोडीला गेलेली जोडपी कारखान्याच्या फडावर, पालात. गलाईवाला तर बारा महिने बाहेर. खटाव, माण, खानापूर, आटपाडीची ही पोरे सोने-चांदी गाळायच्या धंद्यात पार तामिळनाडूपासून बंगालपर्यंत पसरली आहेत. गावाकडे घर, शेत, म्हातारी आई, देवाची जत्रा सगळे आहे. फक्त तो मोजणीत नाही. गव्हाच्या रानात मोजणीदार ज्येष्ठात पाठवावा आणि त्याने लिहून न्यावे की इथे गहू पिकत नाही, तसा हा प्रकार.

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, सरकारी आकडे घ्या. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली. सातारा जिल्ह्याची वाढ ७ टक्क्यांच्या आत. ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. लहान कुटुंबाचा भाग यात आहे, तो मी नाकारत नाही. पण मग पुढचा आकडा बघा. राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ बाया, साताऱ्यात ९८८ आणि मुंबई शहरात ८३२. साताऱ्याच्या बाया जास्त जन्माला येतात काय? साताऱ्याचे पुरुष मुंबईत मोजले गेले, एवढाच त्याचा अर्थ.

ते गेले कसे, हे या भागाला नव्याने सांगायला नको. आजा गिरणीत गेला. १९८२ च्या संपात गिरणी गेली, पण माणूस परत आला नाही. बाप माथाडीत लागला. मला याचे फार नवल वाटते. वाडीतली शाळूची पोती उचलायला टेम्पो येत नाही, म्हणून वाडीतला गडी वाशीच्या बाजारात जाऊन दुसऱ्याची पोती पाठीवर उचलतो.

मग चक्र फिरू लागते. रस्ता नाही म्हणून माणूस जातो. माणूस गेला म्हणून आकडा उतरतो. आकडा उतरला म्हणून रस्ता बसत नाही. शाळेचा पट घटतो. एसटीची फेरी भारमान नाही म्हणून बंद होते. आणि हे रस्त्यावर थांबत नाही. २००४ पर्यंत सातारा जिल्ह्याला दहा आमदार होते आणि खटाव हा स्वतंत्र मतदारसंघ होता. नवी फेररचना झाली, २००९ ची निवडणूक आली, तेव्हा दहाचे आठ झाले होते. जावळी गेला, खटाव गेला. आमचा तालुका माण, कोरेगाव आणि कराड उत्तर अशा तिघांत वाटला गेला. डोकी कमी म्हणून रस्ता नाही, आणि रस्ता मागायला आमचा म्हणून आमदारही नाही. आता कोणत्या आमदाराकडे जायचे ते आधी नकाशात बघावे लागते.

९ सप्टेंबर १९४२ ला याच वडूजच्या कचेरीवर परशुराम घार्गे यांच्या पुढारपणाखाली मोर्चा आला. गोळीबार झाला, नऊ माणसे पडली. ती माणसे खेड्यापाड्यांतून पायी चालत आली होती. त्या दिवशी कोणी विचारले नाही की तुमच्या वाडीची लोकसंख्या किती.

आता मुद्द्याचे बोलतो. रस्ता कशासाठी असतो? साहेबांच्या मनात रस्ता म्हणजे माणसांची सोय. म्हणून ते माणसे मोजतात. शेतकऱ्याचा रस्ता हा आधी मालासाठी असतो. माणूस ओढ्यातून चपला हातात घेऊन पलीकडे जातो. बटाट्याचे पोते चपला हातात घेऊन जात नाही.

जर्मनीत फोन थ्युनेन नावाचा एक शेतकरी होऊन गेला. स्वतःच्या वाड्याची शेती करायचा आणि पै-पैचा हिशेब लिहायचा. त्याने १८२६ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यात दाखवले की कोणत्या रानात काय पिकेल हे नुसती माती ठरवत नाही, बाजारापर्यंतचे भाडे ठरवते. शहराजवळ दूध आणि भाजी, त्यापलीकडे जड माल, त्यापलीकडे धान्य आणि सगळ्यात लांब गुरे-मेंढरे. आम्हाला कृषी महाविद्यालयात हे चार गोल काढून शिकवले. परीक्षेत मी काढले, गुण मिळाले आणि विसरलो. पुढे एकदा मायणीकडून वडूजला येताना मेंढरांचा कळप आडवा आला, गाडी थांबवली, आणि ते गोल आठवले. मेंढरू हा असा एकच माल आहे, जो स्वतःच्या पायाने बाजारात जातो. आमच्या भागात मेंढरे का, याला माळरान आणि पाऊस ही कारणे आहेतच. पण रस्ता हेही एक कारण आहे. कृषी खात्याचा माणूस येतो आणि सांगतो, पीकपद्धती बदला. भाजी लावा, फुले लावा. बाबा रे, लावतो, पण ती चालत जाणार आहेत का?

हिशेब मांडू. समजा वाडीपासून बाजारापर्यंत टेम्पोवाला क्विंटलला शंभर रुपये घेतो. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव ३,७४९ रुपये. (मिळतो किती जणांना, ते वेगळे.) म्हणजे भाडे शेकडा पावणेतीन रुपयांच्या आत. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये, तिथे तेच भाडे सव्वा रुपया. कांदा हजाराने गेला तर शेकडा दहा रुपये. आणि कडबा? कडब्याला वजन नाही, जागा लागते. टेम्पो शिगोशीग भरतो आणि पैसे होत नाहीत. आता रस्ता खराब म्हणून टेम्पोवाल्याने शंभराचे दीडशे केले, की कांदेवाल्याचे आणखी पाच रुपये गेले. तो यायलाच तयार नसेल, तर व्यापारी वाडीवर येतो आणि तो जो म्हणेल तो भाव. बाजारभावाच्या पाटीवरचा भाव हा बाजाराच्या दारातला भाव असतो. आपल्या बांधावरचा भाव म्हणजे त्यातून रस्ता वजा. पुढाऱ्यांनी भाव वाढवून दिल्याचे फलक लावले आणि रस्ता दिला नाही, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले.

विदर्भ-मराठवाड्याच्या कापूसवाल्या भावांना वाटेल, आमचे शेकडा सव्वा रुपयातच भागते. तसे नाही. कापसाला भाड्यापेक्षा ओल मारते. खरेदीच्या नियमात ८ टक्के ओलावा चालतो, त्यावर गेला की भावात कापणी आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. वेचलेला कापूस गाडीत भरला, मधल्या पाणंदीत चाक रुतले आणि वरून एक अवकाळी सर आली, की आठाचे तेरा व्हायला किती वेळ लागतो? एकाधिकार खरेदीच्या काळात केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागायच्या, त्या सगळ्यांनी पाहिल्या. केंद्रापर्यंत न पोचलेल्या गाड्यांची रांग कोणी पाहिली नाही.

याउलट उसाचा मुलूख बघा. तिथे कारखान्याला शेतातून ऊस न्यायचा असतो, म्हणून ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जातील असा रस्ता फडापर्यंत जातो. तिथे कोणी वस्तीची डोकी मोजत नाही, टन मोजतात. म्हणजे मालावर रस्ता मोजायची रीत याच राज्यात आहे, याच जिल्ह्यात आहे. ती फक्त कोरडवाहूला लागू नाही.

साहेब लोकांचा एक सवाल असतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पैसा मर्यादित आहे, तीनशे माणसांच्या वाडीला रस्ता केला तर माणशी खर्च किती येतो? बरोबर आहे. पण मग माणशी वसुली किती झाली, तेही मांडा. २००० च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने डिझेलवर रस्त्यासाठी उपकर बसला आणि ग्रामसडक योजनेचा पैसा त्यातूनच आला. आमचा ट्रॅक्टर नांगरटीला जातो, रोटर मारतो, मळणी करतो. रानातल्या रानात डिझेल जाळतो आणि प्रत्येक लिटरला रस्त्याचा उपकर भरतो. डांबर न पाहिलेल्या वाडीने डांबराचे पैसे पंचवीस वर्षे भरले आहेत.

एसटीचे तेच. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली गाडी गेली. या गाडीने महाराष्ट्राच्या खेड्याला शाळा, दवाखाना आणि बाजार दिला, हे मी मोकळ्या मनाने लिहितो. वडूजला आगार आहे, तिथल्या चालक-वाहकांशी आमचे भांडण नाही. पण सरकार म्हणते एसटी तोट्यात, म्हणून फेऱ्या कमी. आणि हेच सरकार वर्षानुवर्षे तिकिटातून साडेसतरा टक्के प्रवासी कर उचलते. अठरा हजारांच्या वर असलेल्या गाड्या पंधरा हजारांच्या आसपास आल्या. २०२३ च्या मार्चमध्ये बायांना अर्धे तिकीट झाले. चांगले झाले. मग २०२५ च्या जानेवारीत भाडे जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढले. पण आमच्या वाडीच्या बायांना या दोन्हीने फरक पडला नाही. न येणाऱ्या गाडीचे अर्धे तिकीट किती होते?

मग येते वडाप. वडापवाल्याला कायद्यात जागा नाही, पण तो आहे म्हणून तालुका चालतो. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत मिटला नाही. त्या सहा महिन्यांत बाजाराला, दवाखान्याला आणि बारावीच्या परीक्षेला पोरांना कोणी नेले? जीपमध्ये पंधरा माणसे कोंबून, टपावर दोन बसवून, वाटेत हप्ता देऊन त्याने नेले. माझे म्हणणे स्पष्ट आहे. जिथे एसटी दिवसातून दोनदा येते तिथे तिला येऊ द्या. जिथे येत नाही तिथे वडापवाल्याला परवाना द्या, माणसांची मर्यादा घाला, विमा घ्यायला लावा आणि त्याला उजळ माथ्याने धंदा करू द्या. स्वतः गाडी पाठवायची नाही आणि दुसऱ्याने पाठवली तर पावती फाडायची, ही कसली मक्तेदारी?

आपल्या चळवळीत रस्त्याचा विषय नवा नाही. १९८० च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यातल्या भामनेरच्या खोऱ्यातली माणसे शरद जोशींबरोबर वांद्र्यापासून चाकणपर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर पायी चालली, ती रस्त्यासाठी. त्याच साली चाकणच्या कांद्याने पुणे-नाशिक रस्ता अडवला. आधी स्वतःला रस्ता नाही म्हणून चालले, मग भाव नाही म्हणून दुसऱ्याचा रस्ता अडवला. ती एकच लढाई होती. पुढे आपण भावाची बाजू लावून धरली, कर्जाची धरली. रस्ता मात्र ग्रामपंचायतीच्या आणि आमदार-फंडाच्या दारात सोडून दिला. ही चूक आपली आहे.

दुसरी चूक त्याहून जवळची. लिहिले की चार जण रागावणार, तरी लिहितो. मोठ्या रस्त्यापासून वाडीपर्यंत सरकार आडवे येते, पण वाडीपासून रानापर्यंत कोण आडवे येते? पाणंदी कोणी नांगरल्या? नकाशात दोन गाड्या जातील एवढी वाट आहे, प्रत्यक्षात एक बैल अंग चोरून जातो. दरसाल दोन्ही बाजूंनी एकेक तास आत. माझ्या चुलत्याने आत घेतली आहे, मी ती अजून सोडायला लावू शकलो नाही, म्हणून हे दुसऱ्याला सुनावण्याचा अधिकार माझा अर्धाच. पण कायदा आहे. जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो. जुनी वाट अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली अडथळा काढून देऊ शकतो. अर्ज साध्या कागदावर होतो. भाऊबंदकीत वकील घालण्याआधी मात्र गावाने बसून बघावे. पाणंद दोघांची गेली तर ती दोघांचीच मोकळी व्हावी, एकट्याची नव्हे.

आणि एक सांगून ठेवतो. रस्ता झाला की गेलेली माणसे परत येतील, असे मी म्हणत नाही. कधी उलटे होते. डांबर पडले त्या उन्हाळ्यात आणखी चार पोरे पुण्याला गेली, असेही मी पाहिले आहे. जाऊ देत. ज्याला जायचे आहे त्याने जावे. माझ्या चुलतीला पोटात दुखू लागले तेव्हा बाजेवर घालून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावे लागले. बाजेचा एक पाय माझ्या खांद्यावर होता. त्या रात्री मोठ्या रस्त्यावर उजाडेपर्यंत गाडी मिळाली नाही. त्यानंतर तिचा मुलगा वाडीत राहिला नाही, त्याने बायका-मुलांना पनवेलला नेले. तो स्वखुशीने गेला असे जनगणनेत लिहिले असेल, तर ते बरोबर नाही.

२०११ नंतर देशात जनगणना झाली नाही. पुढची १ मार्च २०२७ ही तारीख धरून ठरली आहे. म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. म्हणजे पुन्हा मेंढपाळ कोकणात, तोडकरी फडावर. तो आकडा पुढची कित्येक वर्षे आपल्या मानेवर बसणार, रस्त्यापासून मतदारसंघापर्यंत. तारीख बदलणे आपल्या हातात नाही. पण दुसरा आकडा तयार करणे आहे.

प्रत्येक वाडीने एक वही घालावी. पहिल्या भागात घरवार नोंद: सातबाऱ्यावर नाव कोणाचे, माणसे किती, फेब्रुवारीत बाहेर किती, कुठे आणि कोणत्या महिन्यात परत येतात. दुसऱ्या भागात माल: शाळू, बाजरी, कांदा, बटाटा, कापूस, कडबा, दूध, मेंढरे, जे वाडीबाहेर गेले ते क्विंटलात, लिटरात किंवा नगात. त्यापुढे टेम्पोचे भाडे आणि बाजाराचा भाव. पावत्या असतील तर चिकटवाव्यात, नसतील तर टेम्पोवाल्याची सही घ्यावी. वर्षभर लिहावे. अंदाजाने फुगवून लिहू नये, फुगवलेला एक आकडा सापडला की साहेब सगळी वही बाजूला ठेवतील. मग ती ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करावा की वाडीचा रस्ता जमिनीवर आणि मालावर मोजावा, अवर्षणप्रवण तालुक्याला अडीचशेचीच अट लावावी. ठरावाची नक्कल तालुक्याच्या बैठकीला आणावी. वडूजला आम्ही सगळ्या वाड्यांचे ठराव एकत्र बांधून वर पाठवणार आहोत.

त्या म्हाताऱ्याच्या वाडीने वही सुरू केली आहे. लिहायला नववीतली एक मुलगी आहे, अक्षर चांगले आहे. पहिल्या पानावर तिने बाहेर गेलेल्यांची नावे लिहायला घेतली, ती तिसऱ्या पानावर संपली.